निळ्या शिरांचं चीज आणि 'बेल'ची सराई

मैत्रिणींनो, या वेळी एक वेगळंच पत्र आलंय. एक भगिनी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने इंग्लंडला राहून आल्या. जावयानं नाताळात मोठ्या कौतुकानं स्टिल्टन नावाचं चीज आणलं. सुरीनं कापलं तर आत सगळीकडे निळ्या-हिरव्या रेघा! "आमच्याकडे भाकरीला असा रंग आला तर आम्ही गाईलासुद्धा घालत नाही," असं त्या लिहितात. पुढे तीन प्रश्न आहेत. ही बुरशी खाल्लेली चालते का? हे चीज शाकाहारी असतं का? आणि पॅकेटावर छापलेलं 'स्टिल्टन' म्हणजे नेमकं काय, कारखाना की गाव?

पहिल्या दोन प्रश्नांकडे शेवटी वळू. तिसऱ्याचं उत्तर मात्र इतकं मजेदार आहे, की आधी तेच सांगायचा मोह आवरत नाही.

स्टिल्टन हे गाव आहे. लंडनच्या उत्तरेला सत्तरेक मैलांवर, पीटरबरो शहराच्या जवळ, केंब्रिजशायर परगण्यात. आणि गंमत म्हणजे स्टिल्टनचं चीज स्टिल्टन गावात कायद्यानं करताच येत नाही! 1996 सालापासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. त्यानुसार डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांत, ठरलेल्या पद्धतीनं केलेल्या चीजलाच 'स्टिल्टन' म्हणता येतं. गावातल्या एखाद्या बाईनं आपल्या स्वयंपाकघरात अगदी तसंच चीज केलं, तरी विकताना तिला आपल्याच गावाचं नाव त्यावर घालता यायचं नाही. गावकऱ्यांनी हा नियम बदलून घ्यायची खटपट केली, पण ती फळाला आली नाही.

मग गावाचं नाव चीजला चिकटलं कसं? तर एका सराईमुळे.

'पब' म्हटलं की आपल्या कपाळाला लगेच आठी पडते. पण दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली हमरस्त्यावरची सराई म्हणजे नुसता दारूचा गुत्ता नव्हे. आपली धर्मशाळा, खाणावळ, एस.टी. स्टँड, पोस्ट आणि घोड्यांची पागा, सगळं एका छपराखाली आणलं की जे होईल ते. स्टिल्टनमधली 'बेल' ही अशीच एक मोठी सराई. बेल म्हणजे घंटा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही ओळखता यावं म्हणून सराईवर नावाऐवजी चित्राची पाटी टांगायची पद्धत होती. 'बेल'ची पाटी तांब्याची, नक्षीदार लोखंडी दांडीवर लटकवलेली, आणि आकारानं एवढी मोठी की नजर चुकवून पुढे जाणंच मुश्कील. इमारत दगडी, दर्शनी भिंतीवर 1642 हे साल कोरलेलं. म्हणजे आपल्याकडे शिवाजीमहाराज बारा-तेरा वर्षांचे होते तेव्हाची.

गावाच्या मधून जाणारा रस्ता तर त्याहून जुना, थेट रोमन लोकांनी आखलेला. पुढे तोच लंडनहून यॉर्क, न्यूकॅसल करत स्कॉटलंडला जाणारा 'ग्रेट नॉर्थ रोड' झाला. या रस्त्यावर घोड्यांच्या प्रवासी गाड्या धावू लागल्या आणि दर काही मैलांवर सराया उभ्या राहिल्या. चार घोडे जोडलेली भरलेली गाडी वेगानं न्यायची तर साधारण दहा मैलांत जनावरं दमतात. तेव्हा दर टप्प्याला ताजे घोडे तयार हवेत. टप्पा म्हणजे इंग्रजीत स्टेज, म्हणून त्या गाडीला स्टेजकोच म्हणत.

'बेल'ची कमान उंच ठेवलेली आहे, ती उगीच नाही. गाडीच्या टपावरही माणसं बसत. आत चौघं, आणि टपावर, पुढे-मागे आणखी दहा-बारा. आतल्या जागेचं भाडं बाहेरच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे गरीब बायका थंडी-पावसात, लेकराला शालीत गुंडाळून बाहेरच बसायच्या. कमानीच्या आतल्या बाजूला पुढच्या गावांची अंतरं लिहिलेली असत, हंटिंग्डन 12 मैल, स्टॅमफर्ड 14 मैल, अशी. गाडी अंगणात शिरायच्या आधीच गार्डानं शिंग फुंकलेलं असायचं. ते ऐकून मोतद्दार ताजे घोडे घेऊन उभे राहत आणि एक-दोन मिनिटांत दमलेले घोडे सोडून नवे जुंपून टाकत. 1784 मध्ये जॉन पामर या गृहस्थानं ब्रिस्टल-लंडन मार्गावर सरकारी टपालाची घोडागाडी सुरू करून दाखवली. दोन वर्षांत ती एडिंबराच्या रस्त्यावरही आली. टपालगाडी मग कुणासाठी थांबेना. जेवणाला वीसेक मिनिटं मिळत.

या वीस मिनिटांबद्दल त्या काळच्या प्रवाशांनी इतकं लिहून ठेवलंय, की वाचून हसू येतं. सूप इतकं कढत आणायचं की फुंकर घालण्यातच निम्मा वेळ जावा. मांस कापायला सुरी बोथट. आणि घास तोंडाशी न्यावा तोवर गार्ड दारात उभा, गाडी निघाली म्हणून. पैसे मात्र पूर्ण जेवणाचे. उरलेलं ताट पुढच्या गाडीच्या प्रवाशांपुढे जात असणार, अशी शंका पुष्कळांनी घेतली आहे. आपल्याकडे घाटाखालच्या काही थांब्यांवर कंडक्टरला फुकट जेवण आणि प्रवाशांना पाण्यासारखी आमटी मिळते, तिथं ही शंका कुणालाही पटेल.

राहणाऱ्यांची वेगळीच काळजी. अंथरूण दमट तर नाही? इंग्लंडच्या हवेत चादरी वाळायला दिवस-दिवस लागतात, आणि सराईत तर रोज नवा पाहुणा. दमट चादरीत निजलं की छातीत सर्दी भरते आणि माणूस दगावतो, अशी तेव्हा पक्की समजूत होती. म्हणून शहाणे प्रवासी स्वतःची चादर बरोबर बाळगत. सराईतली मोलकरीण लांब दांड्याच्या पितळी किंवा तांब्याच्या झाकणी भांड्यात निखारे घालून ते चादरीवरून फिरवायची, इस्त्रीसारखं. गादी उबदार व्हायची आणि ओलही जायची. ही मोलकरीण, मोतद्दार, गाडीवान, गार्ड, प्रत्येकाला निघताना बक्षिशी द्यावी लागे. पुष्कळांचं पोट पगारापेक्षा तिच्यावरच चालायचं.

आता 'बेल'च्या मालकाकडे वळू. अठराव्या शतकाच्या मध्याला इथं कूपर थॉर्नहिल नावाचा खटपट्या माणूस होता. सराई चालवायचा, धान्याचा व्यापार करायचा आणि घोडदौडीत कुणाला ऐकायचा नाही. 29 एप्रिल 1745 रोजी त्यानं पैज मारली, स्टिल्टनहून लंडन, लंडनहून परत स्टिल्टन, आणि पुन्हा लंडन. एकूण 213 मैल, पंधरा तासांच्या आत. पैज पाचशे गिनींची, म्हणजे त्या काळी एखाद्या कुटुंबाची जन्माची ददात मिटावी एवढी रक्कम. पहाटे चारला तो निघाला. वाटेत ठिकठिकाणी ताजे घोडे उभे केले होते. पहिली फेरी 3 तास 52 मिनिटांत, दुसरी 4 तास 12 मिनिटांत, तिसरी 4 तास 13 मिनिटांत. बारा तास सतरा मिनिटांत पठ्ठ्या मोकळा झाला! त्यावर कविता छापून निघाली, चित्रं निघाली. थॉर्नहिलचं नाव देशभर झालं, आणि 'बेल'चंही.

पण त्याची खरी कमाई घोड्यांवर नव्हे, चीजवर झाली. उत्तरेकडे जाणारा-येणारा जो तो 'बेल'मध्ये थांबणार. ताटात निळसर चीज येणार. ते आवडलं की एक वडी गाडीत टाकून लंडनला नेणार. तिथं विचारलं, कुठलं हो हे? तर म्हणे, स्टिल्टनचं. संपलं! नाव पडलं.

सगळ्या पुस्तकांत छापलेली गोष्ट अशी आहे, की 1730 च्या सुमाराला थॉर्नहिल लेस्टरशायरमधल्या एका खेड्यात गेला, तिथं एका शेतावर हे चीज चाखलं, आणि ते विकायचा हक्क मिळवून त्यानं ते जगासमोर आणलं. गोष्ट छान आहे, पण मला ती पटत नाही. कारण 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणारे डॅनियल डिफो 1720 च्या दशकातच स्टिल्टनवरून गेले होते. त्यांनी आपल्या प्रवासाच्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की हे गाव चीजसाठी आधीच प्रसिद्ध आहे, आणि त्याची तुलना इटलीच्या पार्मेझानशी केली आहे. (जपून वाचा. चीजवर बारीक किडे इतके असायचे, की ते खायला वेगळा चमचा देत, असंही ते लिहितात. आताच्या चीजमध्ये असलं काही नसतं, निर्धास्त असा.) म्हणजे थॉर्नहिलनं चीज शोधलं वगैरे नाही. चालत्या मालाला त्यानं मोठी बाजारपेठ मिळवून दिली, एवढं खरं.

मग करत कोण होतं? याचं उत्तर स्टिल्टनपासून पंचवीस-तीस मैलांवर, मेल्टन मोब्रे गावाच्या आसपासच्या गवताळ शेतांवर सापडतं. आणि ते करणाऱ्या सगळ्या बायका होत्या. दूध काढणं, विरजणं, चीज करणं हे इंग्लंडच्या शेतावर बाईचंच काम. पुरुष नांगर धरायचा, ती दुभतं सांभाळायची. क्वेन्बी हॉल नावाच्या वाड्यातले लोक सांगतात, की मूळ कृती आमच्या घरातली. लिटल डाल्बी गाव म्हणतं, आमच्या ऑर्टनबाईंची. पण सगळ्यांत जास्त मान जातो तो वायमंडम गावच्या फ्रान्सिस पॉलेट या बाईंकडे. जन्म 1720 च्या सुमाराचा, मृत्यू 1808 चा. 1730 ची ती कथा खरी धरली, तर चीज करताना बाईंचं वय जेमतेम दहा वर्षांचं! तेव्हा त्यांनी चीजचा शोध लावला असंही नाही. त्यांचं काम त्याहून अवघड होतं. शेताशेतांवर बाया आपापल्या हातगुणानं जे करत, त्याला त्यांनी एक माप, एक आकार आणि एक प्रत दिली. आज आपण पाहतो तो उभा, डब्यासारखा गोल आकार आणि न दाबता नुसतं निथळू दिलेलं भुसभुशीत अंग, याचं श्रेय त्यांना देतात.

न दाबता, यातच सारं आहे. दुसरी कडक चीजं वजनाखाली ठेवून दाबतात, त्यानं आतली हवा निघून जाते. पॉलेटबाईंच्या चीजमध्ये बारीक पोकळ्या राहतात, आणि त्या पोकळ्यांतच निळी बुरशी धरते. ज्यांनी कधी श्रीखंडाचा चक्का फडक्यात टांगलाय, त्यांना हे लगेच कळेल. चक्का पिळून काढला तर कोरडा आणि चरबट होतो. आपसूक निथळू दिला तर त्याला वेगळीच गोडी. इथंही तेच. फक्त एका रात्रीऐवजी पाच-सहा दिवस, तोही साचा रोज उलटा-सुलटा करत. पाणी काठालाच साचून राहिलं तर अख्खी वडी वाया. आठ किलोच्या एका वडीला जवळजवळ 78 लिटर दूध लागतं, तेव्हा वाया जाणं म्हणजे काय ते ध्यानात येईल. त्या काळी ना थर्मामीटर, ना फ्रीज. हात घालून ऊब बघायची, वासावरून ओळखायचं.

एवढं सगळं बाईच्या हाताचं. पण थॉर्नहिलशी व्यवहार झाला तो 'पॉलेट' या नावानं, म्हणजे बाईंचे यजमान विल्यम यांच्यामार्फत. तो झाला तसाच व्हायचा होता. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर करार करता येत नसे. तिची मिळकत, तिची कमाई, सगळं नवऱ्याचं. हा कायदा 1870 आणि 1882 साली बदलला, म्हणजे पॉलेटबाई जाऊन साठ-सत्तर वर्षं झाल्यावर. पुढे माल विकला गेला सराईवाल्याच्या दारात, आणि नाव लागलं सराईच्या गावाचं. ज्या वायमंडममध्ये गाई होत्या, पाणी होतं आणि बाईंचा हात होता, त्या गावाचं नाव कुणाच्या तोंडी नाही. आपल्याकडे एखादीनं घरी केलेला गोडा मसाला वर्षानुवर्षं वाण्याच्या नावानं खपत राहतो, ते पाहिलं असेल तिला यात नवल वाटायचं नाही.

विधवेची गोष्ट मात्र वेगळी होती. नवरा गेला की तीच बाई कायद्याला माणूस म्हणून दिसू लागे. सराईचा परवाना तिच्या नावावर होई, करारावर तिची सही चाले. म्हणून त्या काळच्या सरायांच्या इतिहासात कर्त्या बायका भेटतात त्या बहुतेक विधवा, नाहीतर बिनलग्नाच्या. लंडनमध्ये स्नो हिलवर 'सॅरसन्स हेड' नावाची प्रसिद्ध सराई होती. तिचा मालक 1818 मध्ये वारला आणि त्याची बायको सारा अ‍ॅन माउंटन गादीवर बसली. तिच्या अंगणातून दिवसाला तीस गाड्या सुटायच्या. मागच्या बाजूला गाड्या बांधायचा कारखानाही तिनं काढला होता. आपल्या गाड्या ती विकायची आणि मैलाच्या हिशेबानं भाड्यानंही द्यायची! ऑल्डगेटच्या 'बुल' सराईच्या अ‍ॅन नेल्सन याही तशाच. वेळेच्या इतक्या पक्क्या की उशीर करणारा गाडीवान त्यांना समोर यायला कचरायचा. स्टिल्टनमध्ये 'बेल'च्या समोर 'एंजल' ही दुसरी सराई होती. तिथं घोडागाड्यांच्या शेवटच्या काळात मिस वर्दिंग्टन नावाच्या लठ्ठ, हसऱ्या बाई होत्या. गाडी थांबली की स्वतः दारात येऊन प्रवाशांना अगत्यानं चीज घ्यायचा आग्रह करायच्या.

सराईवाल्यांच्या कथांत दरोडेखोर असायलाच हवा, तसा तो इथंही आहे. डिक टर्पिन 'बेल'मध्ये लपला होता म्हणे. टर्पिनला 1739 मध्ये यॉर्कला फाशी दिलं. पण तो जिथं जिथं लपला होता म्हणतात त्या सगळ्या सराया मोजल्या तर बिचाऱ्याला दरोडे घालायला वेळ कधी मिळाला असेल, असा प्रश्न पडतो. खरी आणि विसरलेली गोष्ट वेगळीच आहे. नेपोलियनच्या लढायांत, 1797 ते 1814 या काळात, गावालगत नॉर्मन क्रॉसला फ्रेंच युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. हजारो माणसं होती ती. जेवणातून उरलेल्या हाडांपासून ते जहाजं, खेळणी, दागिन्यांच्या पेट्या कोरायचे आणि फाटकाशी बाजारात विकायचे. त्या वस्तू पीटरबरोच्या संग्रहालयात अजून आहेत. गवताच्या काड्यांच्या वेण्याही ते इतक्या सुरेख विणत की बायकांच्या टोप्यांसाठी त्या चोरून बाहेर नेल्या जात. याला बंदी होती, कारण त्यानं गावच्या विणणाऱ्या बायकांची रोजी बुडायची. कैद्यांपैकी सतराशेच्या वर माणसं तिथंच वारली.

एवढा गजबजलेला रस्ता एका वर्षात सुना पडला. 1850 मध्ये लंडन ते पीटरबरो नवी आगगाडी सुरू झाली आणि ती स्टिल्टनला बगल देऊन पूर्वेकडून गेली. दोन दिवसांची एडिंबराची खडखड काही तासांवर आली. टपावर भिजत बसायचं कुणाला पडलंय? शहरातले मोठे गाडीवाले आधीच सावध झाले होते. लंडनचा विल्यम चॅप्लिन हा तर अठराशे घोड्यांचा धनी. त्यानं वेळीच घोडे विकले, पैसा रेल्वेत घातला, आणि पुढे एका रेल्वे कंपनीचा अध्यक्ष झाला. पण खेड्यातल्या सराईला घोड्यांसारखं विकून टाकता येत नाही. आणि मोतद्दाराला, गादी शेकणाऱ्या मोलकरणीला कोण कुठल्या रेल्वेचा अध्यक्ष करणार? खोल्या बंद झाल्या, पागा ओस पडली, अंगणात गवत उगवलं. 'बेल' गावच्या लोकांचा संध्याकाळचा साधा पब होऊन राहिली.

मोटारी आल्या तशी थोडी धुगधुगी आली. जुना रस्ता पुन्हा वाहू लागला, इतका की गावातून रस्ता ओलांडणं मुश्कील झालं. मग 1950 च्या दशकाच्या अखेरीला सरकारनं वळणरस्ता काढून गाड्या गावाबाहेरून नेल्या. गाव सुटकेचा श्वास टाकतंय तोवर धंदाच बसला. हमरस्ता गावाबाहेरून गेला की वड्याच्या गाडीपासून फुलवालीपर्यंत काय होतं, ते महामार्गाकाठी राहणाऱ्या माझ्या वाचकांना सांगायला नको. स्टिल्टनच्या लोकांनी मग पोटासाठी एक गमतीचा खेळ काढला. मे महिन्याच्या सुट्टीला चीजच्या आकाराचे लाकडी ओंडके रस्त्यावरून गडगडवत न्यायची शर्यत. बायकांचेही संघ असत, चित्रविचित्र कपडे घालून. तो खेळ कितीतरी वर्षं चालला. 'बेल' मात्र मोडकळीला आली होती. 1980 च्या दशकात तिची दुरुस्ती हाती घेतली गेली, आणि मग तिथं खोल्यांसकट हॉटेल सुरू झालं. कमान आहे, दगडी भिंत आहे, तांब्याची घंटा आहे. लेकीकडे गेलात आणि बघावंसं वाटलं, तर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून पीटरबरो तासाभराच्या आत येतं. तिथून गाव सहा-सात मैल.

आता उरलेले दोन प्रश्न.

बुरशी चालते का? चालते. ही मुद्दाम घातलेली, निवडलेली बुरशी. दुधातच तिचं बी मिसळतात. पाच-सहा आठवड्यांनी वडीला पोलादी सुयांनी आरपार भोकं पाडतात, म्हणजे आत हवा जाते आणि निळ्या शिरा धरतात. नवव्या आठवड्याच्या सुमाराला चीज खायला तयार होतं. पण म्हणून आपल्या डब्यातल्या ब्रेडवर, पनीरवर किंवा लोणच्यावर आलेली बुरशी चालेल असं मुळीच समजू नका. ती कुठली, कुणाला ठाऊक? ते टाकूनच द्यायचं, वरचा भाग काढून खालचा वापरायचा नाही. स्टिल्टनलासुद्धा गुलाबी किंवा काळे डाग, चिकटपणा किंवा नवसागरासारखा उग्र दर्प आला, तर मोह नको. घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर मऊ निळी चीजं तिला कच्ची देऊ नयेत. स्टिल्टन घट्ट चीजमध्ये मोडतं आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यांच्या सल्ल्यात ते चालतं असं म्हटलंय. तरी आपल्या डॉक्टरांना विचारलेलं बरं.

शाकाहारी असतं का? हे पॅकेट उलटून बघायचं. दूध विरजायला रेनेट म्हणून पदार्थ घालतात. तो जुन्या रीतीनं वासराच्या जठरातून काढतात. आता पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी वासरू न मारता मिळणारं रेनेट वापरतात आणि पॅकेटावर 'व्हेजिटेरियन' असं लिहितात. तसं लिहिलेलं नसेल तर मांसाहारी समजून चाला. पत्रलेखिका भगिनींनी तिथं नाही म्हटलं ते काही वावगं झालं नाही. जावईबापूंना कारण समजावून सांगावं, म्हणजे पुढच्या खेपेला ते बरोबर पॅकेट आणतील.

आता इथल्या मोठ्या शहरांतल्या दुकानांतही हे चीज मिळतं, महाग असतं. कुणी आणलंच तर प्लॅस्टिकमध्ये घट्ट आवळून ठेवू नका, त्याला घाम येतो. बटर पेपरात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. आणि दुधा-लोण्यापासून लांब, नाहीतर चहालाही तोच वास. खायच्या तासभर आधी बाहेर काढा. गार चीजला चव नसते. तिकडे ते सफरचंद किंवा नासपतीच्या फोडींबरोबर खातात, आणि ते खरंच छान लागतं, खारट आणि गोड. आपल्या जिभेला नुसतं झेपत नसेल तर सूप करा. एक कांदा लोण्यावर परतायचा, त्यात ब्रोकोली किंवा फ्लॉवरचे तुरे आणि एक बटाटा शिजवायचा, वाटून घ्यायचं. कपभर दूध घालून गरम करायचं आणि गॅस बंद केल्यावरच दोन चमचे कुस्करलेलं चीज मिसळायचं. मीठ अगोदर घालू नका. चीज चांगलंच खारट असतं, चाखून मगच ठरवा. वरून मिरपूड.

लोखंडी तव्याचा गंज आणि रवाळ न होणारं तूप याबद्दल तीन-चार पत्रं आली आहेत. ती पुढच्या अंकात.